घरातल्या घरात, थोडं थोडं

आयसेलिन, एडिसन आणि आसपासच्या गावांतल्या मराठी आईबाबांसाठी ही पुस्तिका तयार केली आहे. वय साधारण पस्तीस ते पन्नास, घरात एक-दोन शाळकरी मुलं, दोघांच्याही नोकऱ्या आणि नेमाने व्यायाम केला तो शेवटचा कॉलेजात असताना, असा वाचक आमच्या डोळ्यांपुढे आहे. त्याला किंवा तिला व्यायामाचं महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. ते डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं, रक्ताच्या रिपोर्टमध्येही लिहून आलेलं असतं. अडतं ते दुसरीकडेच. व्यायाम म्हणजे पहाटे उठून, वेगळे कपडे-बूट घालून, तासभर घाम गाळून करायची गोष्ट, अशी आपली पक्की समजूत आहे. तो तास काही सापडत नाही, आणि तास सापडत नाही म्हणून पाच मिनिटंही हातून काही होत नाही. ही पुस्तिका त्या पाच-दहा मिनिटांची आहे.

तिची सुरुवात एका शाळेच्या कॉरिडॉरमध्ये झाली. रविवारी मुलं मराठी शाळेच्या वर्गात बाराखडी गिरवत असतात, तेव्हा आईबाबा बाहेर घडीच्या खुर्च्यांवर फोन बघत बसलेले असतात. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे हे कळल्यापासून त्यांच्यातलं कुणी ना कुणी शेजारी येऊन बसायचं आणि हळूच विचारायचं. गुडघा कटकट वाजतो, काय करू? जिना चढताना धाप लागते, काळजीचं आहे का? बाळंतपणात धरलेली कंबर अजून सुटत नाही, असं का? एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा त्या तासातली दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून उभं राहावं असं ठरलं. खुर्च्या होत्याच, भिंतही होती. पुढे त्यातल्याच दोघीतिघींनी तिथे केलेले प्रकार चित्रांसह लिहून काढले. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी आनंदाने करते आहे, कारण या विषयावर मला पोटतिडकीने काही सांगायचं आहे.

इथल्या दिवसात बसणं किती आहे ते आधी नीट पाहू. मुंबईत लोकल पकडणारा माणूस व्यायाम करत नसला तरी दादरचे जिने चढतो, स्टेशनपर्यंत चालतो, गर्दीत तासभर उभा राहतो. आयसेलिनमध्ये तेवढंही होत नाही. गाडी घराला लागूनच उभी असते. ज्यांना न्यूयॉर्कला जायचं ते मेट्रोपार्कला गाडी लावतात. १९७१ साली हे स्टेशन सुरू झालं तेच मुळी गाडी लावून रेल्वेने शहरात जाणाऱ्यांच्या सोयीसाठी. तिथून पुढे रेल्वेत बसायचं, दिवसभर ऑफिसात बसायचं आणि संध्याकाळी तसंच बसून परत यायचं. करोनानंतर घरून काम करणाऱ्यांची तर बेडरूमपासून टेबलापर्यंतचीच ये-जा उरली. रविवारी ओक ट्री रोडला किराणा आणायला गेलं तरी दुकानाच्या दाराजवळ जागा मिळावी म्हणून आपण पार्किंगमध्ये घिरट्या घालतो. मुलांना पोहण्याच्या, भरतनाट्यमच्या, सॉकरच्या क्लासला आपणच नेतो आणि ती घामाघूम होऊन येईपर्यंत बाकावर नाहीतर गाडीत बसून राहतो.

‘रोज फिरायला जा’ हा सल्ला चांगलाच आहे आणि ज्यांना जमतं त्यांनी तो जरूर पाळावा. पण डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कामं आटोपून बाहेर पडावं तर मिट्ट काळोख आणि फुटपाथवर गोठलेला बर्फ. मेरिल पार्क गाडीने काही मिनिटांवर असूनही महिनोन्‌महिने तिकडे पाय वळत नाहीत. जूनमध्ये सुरू केलेलं फिरणं नोव्हेंबरात बंद पडतं आणि पुन्हा सुरू व्हायला मे उजाडतो.

आणि अशा बसून राहिलेल्या अंगाला मध्येच एके दिवशी फूटभर बर्फ उपसावा लागतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, ओला बर्फ फावड्यावर जड होतो आणि माणूस श्वास रोखून तो बाजूला फेकत राहतो. हृदयावर एकाएकी इतका ताण येतो की बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येण्याच्या घटना अमेरिकेच्या या थंड भागात दर हिवाळ्यात घडतात. पुस्तिकेतले पायांचे आणि पाठीचे प्रकार निदान ऑक्टोबरपासून तरी सुरू करा असा माझा आग्रह आहे, तो यासाठी. आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा ज्यांच्या अंगाला श्रमाची सवयच नाही त्यांनी फावडं हातात घेऊच नये. पैसे देऊन काम करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

आता आपल्या शरीराच्या ठेवणीविषयी, कारण सगळ्या पुस्तिकेचा आधार तोच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयाला आयुष्य दिलं आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघेही दिसायला सडपातळ, आणि उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर वजन ठीक दिसत असतानाही आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, ही गोष्ट त्या दोन फोटोंनी जगाला एका नजरेत दाखवली. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात तर नवजात बाळांमध्येही हीच ठेवण आढळली. बाळं वजनाने लहान, हातपाय काडीसारखे, पण चरबी त्या मानाने राखलेली.

म्हणजे ‘मी कुठे जाड आहे?’ असं म्हणणाऱ्या सडपातळ बाबालाही स्वस्थ बसता येणार नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली, ती याच कारणाने. अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा ‘मसाला’ नावाचा मोठा अभ्यास २०१० पासून शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू आहे. त्याच्या पहिल्या फेरीत चाळीस ते चौऱ्याऐंशी वयाची ९०६ माणसं होती. त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण वयाचा हिशेब जुळवून २३ टक्के निघालं. तशाच दुसऱ्या अभ्यासातल्या गोऱ्या अमेरिकनांमध्ये ते ६ टक्के होतं. ही माणसं आपल्यासारखीच शिकलेली, चांगल्या नोकऱ्या करणारी आहेत, हे लक्षात घ्या.

या सगळ्यावरचा उपाय आपल्याच मांड्यांमध्ये आहे. जेवल्यावर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. इन्सुलिनचा असर कमी झालेला असला तरी काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतोच. म्हणून रात्री वरणभात जेवून लगेच सोफ्यावर रेलणं आणि जेवून दहा मिनिटं पायांना काम देणं यांत, पोट तितकंच भरलेलं असूनही, पुष्कळ फरक पडतो. साखर वाढण्याचा धोका असलेल्या वयस्कर माणसांवर केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालल्याने त्यांची दिवसभराची साखर सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तर हे चालणं एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा सरस ठरलं. २०१६ मध्ये मधुमेह असलेल्यांवरचा आणखी एक प्रयोग आला. त्यात माणसं दिवसभर बसूनच होती, फक्त दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं उठून अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, गुडघे वर उचलणं एवढंच करत होती. तेवढ्यानेही जेवणानंतरची साखर ठळकपणे उतरली. या पुस्तिकेतले प्रकार जवळजवळ तेच आहेत.

थोडा थोडा व्यायाम म्हणजे तासभर जमत नाही म्हणून केलेली तडजोड, असं वाटायचं कारण इथे संपतं. आपल्या ठेवणीच्या शरीराला, दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला, दिवसात चारदा पायांना दिलेलं काम हीच नेमकी मात्रा आहे.

तज्ज्ञांनाही हे मान्य करायला वेळ लागला. अमेरिकन सरकारने २००८ मध्ये व्यायामाविषयीच्या पहिल्या सूचना काढल्या तेव्हा सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेला व्यायाम हिशेबात धरायचा नाही असं त्यात होतं. २०१८ च्या सुधारित सूचनांतून ही अट काढून टाकली आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केलं. आठवड्याला दीडशे मिनिटं दमवणारी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम हे उद्दिष्ट कायम आहे, पण ते कितीही लहान तुकड्यांनी गाठलेलं चालतं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पंचवीस हजारांवर लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हे सगळे ठरवून व्यायाम न करणारे लोक होते. त्यातले जे रोज तीन वेळा, एक-दोन मिनिटंच पण दम लागेल असं काही करत होते, म्हणजे भराभर जिना चढणं, जड पिशव्या उचलून नेणं, त्यांच्यात पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण असं काहीच न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. निरोगी माणूसच जिना भराभर चढतो, असंही काही अंशी असणार. तरीही सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात.

घरी, थोडक्या जागेत, साधनांशिवाय व्यायाम करणं मराठी माणसाला नवं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी, १८९७ च्या सुमारास, सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची उपकरणं आणि पुस्तकं मागवून वर्षानुवर्षं तो व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले ते कायमचे. संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली आणि १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. साताऱ्याकडच्या एका छोट्या संस्थानातून निघालेली ही पद्धत साहेबाच्या देशातल्या घराघरांत पोचवायची त्यांची धडपड होती. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. हा वारसा लहान नाही.

पण त्या वारशाबरोबर एक गोष्ट आली आणि नवख्या माणसाचं तिच्यामुळे नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे. ती म्हणजे आकड्यांचा अभिमान. शंभर जोर, दोनशे बैठका, समर्थांचे रोजचे बाराशे नमस्कार. लहानपणापासून हे ऐकलेला माणूस बेचाळिसाव्या वर्षी सतरंजी पसरतो, पहिल्याच दिवशी बारा नमस्कार रेटून घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला मोजे घालता येत नाहीत. सूर्यनमस्कार दिसतो त्यापेक्षा बराच जड व्यायाम आहे. आखडलेल्या मांड्यांनी पुढे वाकताना सगळा भार कमरेवर येतो, अष्टांगात उतरताना दंडात ताकद लागते, मनगटांना ताण सोसावा लागतो. तिथपर्यंत पोचायचं तर आधी अलीकडच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे धडे आपल्याकडे बी. के. एस. अय्यंगारांनी फार मोलाने शिकवले. लहानपणी दुखण्यांनी पिचलेला हा माणूस पुण्यात राहून जगाचा योगगुरू झाला आणि आखडलेल्या, म्हाताऱ्या, आजारी शरीरांसाठी त्यांनी खुर्ची, भिंत, पट्टा, उशी यांचा आधार घेऊन आसनं बसवली. आधार घेतला म्हणून आसन खोटं होत नाही. आमच्या पुस्तिकेने हा विचार अय्यंगारांकडूनच घेतला आहे.

त्यातले दोन प्रकार इथे जरा सविस्तर सांगते, म्हणजे बाकीचे कसे करायचे याचा अंदाज येईल.

पहिला खुर्चीचा. जेवणाच्या टेबलाची, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेवर बसा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घ्या. पाठीला बाक न आणता कमरेतून पुढे झुका, इतकं की नाक पावलांच्या बोटांवर यावं, आणि टाचांनी जमीन दाबत उठा. उठताना श्वास सोडा. पूर्ण ताठ उभं राहिल्यावर नितंब क्षणभर आवळा. खरं काम यापुढे आहे. धपकन खाली बसायचं नाही. मनात तीनपर्यंत मोजत, नितंब मागे नेत हळूहळू खाली यायचं आणि खुर्ची लागली न लागली की पुन्हा उठायचं. स्नायूची ताकद वाढायला हे हळू उतरणं फार उपयोगी पडतं, आणि नेमकं तेच आपण टाळतो. गुडघे आत झुकत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर एक-दोन जाड उशा ठेवून उंची वाढवा. उंची वाढली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सुरुवातीला पाचच करा. आणखी दोन सहज झाले असते असं वाटत असतानाच थांबा. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना घाबरून बसून राहणारे फार भेटतात. दुखत किंवा सुजत नसेल तर नुसत्या आवाजाला भिण्याचं कारण नाही आणि मांडी बळकट झाली की गुडघ्याचा त्रास बहुधा कमीच होतो. इथे वयस्कर माणसांसाठी एक साधी चाचणी वापरतात. हात छातीवर ठेवून तीस सेकंदांत किती वेळा खुर्चीतून उठता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा आणि पुरुषाला चौदापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीहून कमी धरतात. चाळिशीतल्या वाचकांनी एकदा मोजून पाहावं.

दुसरा प्रकार ओट्याचा. इथल्या स्वयंपाकघरातला काउंटर कमरेच्या जरा वर येतो, आणि तीच उंची आपल्याला हवी असते. दोन्ही तळवे कडेवर ठेवा, दोन पावलं मागे जा, डोक्यापासून टाचांपर्यंत अंग एका रेषेत ठेवा. पोट किंचित आत घ्या. कोपर अंगाला ना अगदी चिकटलेले, ना फाकलेले. छाती ओट्याकडे नेत खाली या, श्वास सोडत वर या. हे झाले ओट्यावरचे जोर. मग तिथेच तळवे ठेवून आणखी मागे सरका, नितंब मागे न्या आणि पाठ टेबलासारखी सपाट करा. दोन्ही दंड कानांजवळ येतील. गुडघे हवे तर वाकवा. दिवसभर लॅपटॉपवर पोक काढून बसलेल्या खांद्यांना याने काय आराम मिळतो ते करूनच पाहा. नमस्कारातलं पर्वतासनच हे, फक्त जमीन वर आणलेली. जोर सोपे वाटायला लागले की ओट्याऐवजी सोफ्याचा हात, मग जिन्याची पायरी, असं खाली उतरत जायचं. ओट्यापासून जमिनीपर्यंत यायला वर्ष लागलं तरी चालेल.

हे करायचं कधी? घड्याळ लावून वेगळी वेळ काढायला आम्ही सांगत नाही, कारण ती वेळ टिकत नाही. आधीच रोज घडणाऱ्या गोष्टीला व्यायाम चिकटवा. चहाला उकळी येईपर्यंत ओट्यावरचे जोर. कॅमेरा बंद ठेवता येईल अशा ऑफिसच्या कॉलमध्ये उभं राहून टाचा उचलणं. रात्री जेवण झाल्यावर, भांडी डिशवॉशरमध्ये लावण्याआधी, खुर्चीवरच्या बैठका. दम किती लागावा याची खूणही सोपी आहे. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ज्या दिवशी काहीच होणार नाही त्या दिवशी एकदा तरी खुर्चीतून पाच वेळा उठून घ्या, म्हणजे सवय मोडत नाही.

या पुस्तिकेत उड्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. एक कारण घरांचं आहे. इथल्या अपार्टमेंटांच्या जमिनी लाकडी असतात, खाली शेजारी राहतात आणि पाळण्यात बाळ झोपलेलं असतं. दुसरं कारण आयांशी संबंधित आहे आणि ते आपल्या घरांत कुणी मोकळेपणाने बोलत नाही. बाळंतपणानंतर शिंकताना, खोकताना, उडी मारताना लघवी निसटणं हा फार जणींना होणारा त्रास आहे. कित्येक जणी फक्त याच भीतीने व्यायाम सोडतात, झुंबा सोडतात, मुलांबरोबर ट्रॅम्पोलिनवर जात नाहीत आणि नवऱ्यालाही कारण सांगत नाहीत. हा त्रास पुष्कळ अंशी बरा होतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे आणि सोडण्याचे व्यायाम पुस्तिकेत दिले आहेत. त्यांनी दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर नेहमीचे पोटाचे व्यायाम करताना मध्येच उंचवटा दिसतो. तसा दिसला तर ते व्यायाम थांबवून आधी तपासून घ्या. आणि गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती त्यांनी बाळ झाल्यावर ती उतरली म्हणून विसरून जाऊ नये. पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा बराच जास्त असतो. जेवणानंतरचे प्रकार सगळ्यात आधी त्यांनी सुरू करावेत.

बाबांचं दुखणं वेगळं असतं. वर्षभर काही नाही आणि मे महिन्यात एकदम शनिवारची क्रिकेट मॅच, नाहीतर गणपतीच्या आधी ढोल पथकाच्या सरावात कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास. पहिल्या धावेलाच पोटरी धरते, दुसऱ्या आठवड्यात कंबर जाते. खेळ सोडू नका, ढोल तर मुळीच सोडू नका. टाचा उचलण्याचा आणि पाठीचा व्यायाम दोन महिने आधी सुरू करा, एवढंच.

मुलं बघत असतात. शाळकरी मुलांना रोज तासभर खेळ-हालचाल हवी असं इथल्या सूचना सांगतात आणि ते आपण त्यांना क्लास लावून भागवतो. आईबाबा स्वयंपाकघरात बैठका काढताना दिसले तर लहान मूल आपसूक शेजारी येऊन उभं राहतं. त्याला मोजायचं काम द्या, मराठीत. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर खुर्चीचा प्रकार त्यांच्यासाठीही आहे. परक्या देशात, परक्या जिन्यांवर न पडण्यासाठी मांडीची ताकद त्यांना आपल्याहून जास्त लागते.

काही जणांनी मात्र सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. छातीत दुखतं किंवा आवळल्यासारखं वाटतं, थोड्या श्रमानेही धाप लागते, चक्कर येते, रक्तदाब आटोक्यात नाही, इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, नुकतंच सिझेरियन किंवा कुठलीही शस्त्रक्रिया झाली आहे, अशांनी विचारल्याशिवाय काही करू नये. व्यायाम करताना श्वास रोखू नका. दुसऱ्या दिवशी अंग जरा आंबलं तर घाबरू नका. पण सांध्यात टोचलं, पायात मुंग्या आल्या किंवा छातीत काहीही वाटलं तर तिथेच थांबा. छातीतलं दुखणं थांबल्यावरही जात नसेल तर वाट न बघता ९११ ला फोन करा.

पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रकाराची सोपी आणि जरा अवघड अशी दोन चित्रं दिली आहेत. पहिला महिना सोप्या चित्रावरच राहा. एखादा प्रकार जमत नसेल, चित्र नीट कळत नसेल किंवा तुमच्या घरात याहून चांगली युक्ती सापडली असेल तर रविवारी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये येऊन जरूर सांगा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत तशी दुरुस्ती करता येईल.